‘ला’ म्हणजे ‘टू’ नव्हे : देण्या-सांगण्याची इंग्रजी क्रियापदे आणि त्यांची दोन कर्मे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानावर काम करणारा एक तरुण माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला येत असे. परराज्यातल्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत ईमेल लिहिण्याचे काम त्याच्याकडे नुकतेच आले होते आणि पाठवण्याआधी तो मसुदा मला दाखवायला आणत असे. अशाच एका मसुद्यात दोन वाक्ये लागोपाठ होती : ‘आय टोल्ड टू हिम द रेट’ आणि ‘ही एक्सप्लेन्ड मी द प्रॉब्लेम’. पहिल्या वाक्यात नको तिथे ‘टू’ आला होता आणि दुसऱ्यात हवा तिथे तो गळला होता. ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. मराठीत ही दोन्ही वाक्ये एकाच घडणीची आहेत : ‘मी त्याला भाव सांगितला’, ‘त्याने मला अडचण समजावून सांगितली’. दोन्हीकडे ‘ला’ आहे, दोन्हीकडे सांगण्याचीच क्रिया आहे, मग इंग्रजीने एकीकडे ‘टू’ का नाकारावा आणि दुसरीकडे का मागावा, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या प्रश्नाचे उत्तर जसे मी वर्गात पायरीपायरीने देतो, तसेच ते येथे मांडत आहे.

एक सूचना आधी करतो. येथे इंग्रजी वाक्ये देवनागरीतच लिहिली आहेत, त्यामुळे अवतरणचिन्हांतल्या इंग्रजी वाक्यात ‘मी’ दिसला तर तो मराठीतला ‘मी’ नसून ‘मला’ या अर्थाचा आहे आणि ‘ही’ म्हणजे ‘तो’ आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे.

पहिली पायरी : मराठी वाक्यातल्या तीन जागा ओळखणे

देणे, पाठवणे, दाखवणे, सांगणे, शिकवणे अशा क्रियांमध्ये नेहमी तीन घटक असतात : देणारा, घेणारा आणि दिली जाणारी वस्तू. शाळेच्या व्याकरणात आपण या क्रियापदांना द्विकर्मक म्हणतो. वस्तू हे प्रत्यक्ष कर्म आणि घेणारा हे अप्रत्यक्ष कर्म. ‘आडत्याने शेतकऱ्याला पट्टी दिली’ या वाक्यात आडत्या देणारा, शेतकरी घेणारा आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी ही वस्तू. आता हेच वाक्य ‘पट्टी आडत्याने शेतकऱ्याला दिली’ किंवा ‘शेतकऱ्याला आडत्याने पट्टी दिली’ असे फिरवले, तरी कोणी कोणाला काय दिले याबद्दल शंका उरत नाही, कारण कोण देणारा हे ‘ने’ सांगतो आणि कोण घेणारा हे ‘ला’ सांगतो. शब्द कुठेही बसला, तरी त्याची ओळख त्याच्या प्रत्ययात असते.

इंग्रजीतही असे प्रत्यय एके काळी होते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीची रूपे होती आणि घेणाऱ्यासाठी वेगळे रूप वापरले जाई. पुढच्या काही शतकांत ती रूपे झिजून गेली, ‘ही’ आणि ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत मुख्यतः त्यांचे अवशेष राहिले, आणि जे काम प्रत्यय करीत होते ते शब्दांच्या जागेवर येऊन पडले. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याने पहिली सवय ही लावावी की, मराठीत ‘ला’ दिसल्याबरोबर त्याच्यासाठी इंग्रजी शब्द शोधायचा नाही, तर तो ‘ला’ लागलेल्या माणसाची वाक्यातली जागा शोधायची.

दुसरी पायरी : दोन साचे

इंग्रजीत या क्रियापदांचे साचे दोनच आहेत. पहिल्यात क्रियापदानंतर आधी माणूस येतो आणि मग वस्तू, आणि मध्ये काहीही येत नाही : ‘द एजंट गेव्ह द फार्मर द बिल’. दुसऱ्यात आधी वस्तू, मग ‘टू’ आणि मग माणूस : ‘द एजंट गेव्ह द बिल टू द फार्मर’. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. माझ्या वर्गातल्या चुकांपैकी बहुतेक या दोन साच्यांची सरमिसळ झाल्यामुळे होत असतात. माणूस आधी आला की ‘टू’ लावायचा नाही, म्हणून ‘टोल्ड टू हिम द रेट’ चुकते. वस्तू आधी आली की ‘टू’ सोडायचा नाही, म्हणून ‘गेव्ह द बिल द फार्मर’ चुकते. या शेवटच्या वाक्याचा अर्थ तर ‘पट्टीला शेतकरी दिला’ असा होतो, कारण क्रियापदाला लागून जो येईल तो घेणारा, असे इंग्रजी कान धरून चालतो.

जागेचे हे सामर्थ्य नीट समजण्यासाठी देणारा सोडून उरलेले दोन्ही घटक माणसेच असलेले उदाहरण घ्यावे. ‘शी शोड ग्रँडमदर द बेबी’ म्हणजे तिने आजीला बाळ दाखवले, आणि ‘शी शोड द बेबी ग्रँडमदर’ म्हणजे तिने बाळाला आजी दाखवली. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या आणि कोणी कोणाला पाहायचे तेच बदलले. मराठीतही ‘बाळाला आजीला दाखवले’ असे म्हटले की वाक्य अडखळते, म्हणून आपण आपोआप एका ‘ला’ला वगळून ‘बाळ आजीला दाखवले’ म्हणतो. म्हणजे दोन कर्मांची अडचण आपल्यालाही येते. आपण ती प्रत्यय काढून सोडवतो, इंग्रजी ती जागेने सोडवते.

पहिला साचा घेणारी रोजची क्रियापदे पाठ असावीत : गिव्ह, सेंड, शो, टेल, टीच, लेंड, पे, सेल, हँड, पास, ब्रिंग, राइट, रीड, ऑफर, प्रॉमिस. यांतील ‘लेंड’बद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण मराठीत ‘उसने’ हा एकच शब्द देण्याला आणि घेण्यालाही चालतो, तर इंग्रजीत उसने देणे म्हणजे ‘लेंड’ आणि उसने घेणे म्हणजे ‘बॉरो’. ‘लेंड मी युअर पेन’ बरोबर आहे. ‘बॉरो मी युअर पेन’ मात्र होत नाही, कारण बॉरो करणारा स्वतःच घेणारा असतो आणि ज्याच्याकडून घेतले त्याच्या आधी ‘फ्रॉम’ लागतो.

तिसरी पायरी : दोहोंपैकी कोणता साचा निवडावा

पुष्कळ मार्गदर्शक पुस्तिका ‘दोन्ही बरोबर आहेत’ एवढे सांगून पुढे जातात. मला ते अपुरे वाटते, कारण चुकीच्या ठिकाणी योग्य साचा वापरला तर वाक्य शुद्ध असूनही परके वाटते. सुदैवाने ही निवड करण्याची जाण मराठी माणसाजवळ आधीपासूनच असते, फक्त ती आपण वापरत नाही.

समजा कोणी विचारले, ‘दुकानाची किल्ली कोणाला दिलीस?’ तर आपण उत्तर देतो, ‘किल्ली वॉचमनला दिली’. आणि ‘वॉचमनला काय दिलेस?’ असे विचारले, तर म्हणतो, ‘वॉचमनला किल्ली दिली’. विचारणाऱ्याला जे ठाऊक नव्हते, ते आपण क्रियापदाला अगदी टेकवून ठेवतो. इंग्रजीत तीच मानाची जागा वाक्याच्या शेवटी असते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आय गेव्ह द की टू द वॉचमन’ आणि दुसऱ्याचे ‘आय गेव्ह द वॉचमन द की’.

आता ही चार वाक्ये शेजारी ठेवून पाहा. मराठीत ‘किल्ली – वॉचमनला – दिली’, इंग्रजीत ‘गेव्ह – द की – टू द वॉचमन’. मराठीत ‘वॉचमनला – किल्ली – दिली’, इंग्रजीत ‘गेव्ह – द वॉचमन – द की’. क्रियापद शेवटून उचलून पुढे आणले, एवढेच झाले. माणूस आणि वस्तू यांचा आपापसांतला क्रम बदललाच नाही. म्हणून मी वर्गात अशी रीत सांगतो : आपल्या तोंडी सहज आलेले मराठी वाक्य घ्यावे, क्रियापद पुढे न्यावे, बाकीचा क्रम तसाच ठेवावा, आणि ‘ला’ असलेला शब्द पहिला आला तर ‘टू’ टाळावा, दुसरा आला तर ‘टू’ लावावा. ज्यांना नियमांची भीती वाटते, त्यांनी निदान एवढी एक रीत तरी हातची करावी.

सर्वनामांच्या बाबतीतही ही रीत साथ देते. ‘ते मला दे’ याचे ‘गिव्ह इट टू मी’ होते. ‘मला ते दे’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा बोट दाखवून, हे नको ते हवे, अशा अर्थाने म्हणतो, आणि त्याचे इंग्रजी ‘गिव्ह मी दॅट’ असे होते. ‘गिव्ह मी इट’ हे ब्रिटनमध्ये बोलण्यात ऐकू येते, पण नवशिक्याने ‘इट’ आणि ‘देम’ ही वस्तुवाचक सर्वनामे क्रियापदाला लागूनच ठेवावीत आणि माणसाआधी ‘टू’ लावावा, हे अधिक सुरक्षित. ‘गिव्ह द मॅनेजर इट’ तर टाळावेच.

रीत फसते ती मुख्यतः लांबलचक शब्दसमूहांपाशी. ‘काल ज्यांची हळद विकली गेली त्या सगळ्या शेतकऱ्यांना मी पट्ट्या दिल्या’ असे मराठीत आपण लांब भाग आधी उरकून घेतो. इंग्रजी उलट वागते, ती लांब भाग शेवटी ठेवते : ‘आय गेव्ह द बिल्स टू ऑल द फार्मर्स हूज टर्मरिक वॉज सोल्ड येस्टरडे’. येथे मराठी क्रम सोडून द्यावा आणि जो भाग मोठा त्याला शेवटची जागा द्यावी.

चौथी पायरी : ‘करून देणे’ आणि ‘फॉर’

देणे-पाठवणे यात वस्तू आधीच तयार असते आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पण काही क्रियांत वस्तू आधी करावी, आणावी किंवा मिळवावी लागते आणि मगच ती दुसऱ्याला मिळते. मराठीने यासाठी फार सुंदर रचना घडवली आहे : करून देणे, घेऊन देणे, शोधून देणे, आणून देणे. माझ्या अनुभवात ज्या मराठी वाक्यात असे ‘-ऊन देणे’ सहज येते, त्या वाक्याचे इंग्रजी पुष्कळदा दोन कर्मांनी होते, आणि दुसऱ्या साच्यात ‘टू’ऐवजी ‘फॉर’ येतो.

‘मी मुलीला सायकल घेऊन दिली’ याचे ‘आय बॉट माय डॉटर अ बायसिकल’ किंवा ‘आय बॉट अ बायसिकल फॉर माय डॉटर’. ‘विश्रामबागेत मला एक खोली शोधून द्या’ याचे ‘प्लीज फाइंड मी अ रूम इन विश्रामबाग’. ‘तिने आम्हाला चहा करून दिला’ याचे ‘शी मेड अस टी’. बाय, मेक, फाइंड, गेट, कुक, ऑर्डर, बुक ही या गटातली नित्याची क्रियापदे. बोलताना आपण ‘देणे’ गाळून नुसते ‘मला चहा कर’ असेही म्हणतो, आणि तेथे ‘ला’ दिसल्यामुळे नवशिका ‘मेक टी टू मी’ असे लिहून बसतो. म्हणून वाक्यात ‘देणे’ लपले आहे का, हे चाचपून पाहावे. ‘मला चहा कर’ म्हणजे करून दे, तेव्हा ‘मेक टी फॉर मी’.

मात्र ‘-ऊन देणे’ आले की दोन कर्मे चालतीलच, असे नाही. ‘त्याने मला दार उघडून दिले’ याचे ‘ही ओपन्ड मी द डोअर’ होत नाही. ‘ही ओपन्ड द डोअर फॉर मी’ असेच म्हणावे लागते. फरक असा की सायकल मुलीची झाली, खोली मला मिळाली, चहा आमच्या हाती आला, पण उघडलेले दार काही माझे झाले नाही. तेव्हा क्रियेच्या शेवटी वस्तू त्या माणसाला मिळते का, हा प्रश्न विचारावा. मिळत असेल तर दोन कर्मांचा साचा बहुधा चालतो, नुसती सोय किंवा मदत झाली असेल तर ‘फॉर’ शिवाय गत्यंतर नाही. आणि ‘वाचून दाखवणे’ या ‘दाखवणे’च्या रचनेला पुन्हा ‘टू’च लागतो : ‘रीड मी द लेटर’, ‘रीड द लेटर टू मी’.

पाचवी पायरी : दोन कर्मांना नकार देणारी क्रियापदे

आता मसुद्यातल्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. ‘एक्सप्लेन’ हे क्रियापद पहिला साचा घेतच नाही. ‘ही एक्सप्लेन्ड मी द प्रॉब्लेम’ कधीही बरोबर होणार नाही. ‘ही एक्सप्लेन्ड द प्रॉब्लेम टू मी’ असेच लिहावे लागते. याच वळणाची आणखी क्रियापदे म्हणजे डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, रिपोर्ट, रिटर्न, डोनेट, इंट्रोड्यूस आणि मेन्शन. यांना आपण मराठीत ‘ला’ लावतो म्हणूनच ती घात करतात.

हा भेद कुठून आला, हे कळले की तो लक्षात राहतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभारात फ्रेंच आणि धर्म-विद्येच्या व्यवहारात लॅटिन वावरत राहिली, आणि त्या वाटेने हजारो शब्द इंग्रजीत शिरले. गिव्ह, सेंड, शो, टेल हे घरचे, आखूड शब्द. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट हे बाहेरून आलेले, पुस्तकी शब्द. दोन कर्मे शेजारी ठेवण्याची जुनी घडण मुख्यतः घरच्या शब्दांकडे राहिली. आपल्याकडे ‘सांगणे’ आणि ‘निवेदन करणे’, किंवा ‘देणे’ आणि ‘प्रदान करणे’ यांच्या वागण्यात जसा फरक जाणवतो, तसेच हे काहीसे आहे.

शब्दाचे मूळ प्रत्येक वेळी कोण शोधणार? त्यासाठी कानाची एक खूण आहे. शब्दाचा उच्चार करताना जोर कुठे येतो ते ऐकावे. ‘एक्सप्लेन’मध्ये तो ‘प्लेन’वर, ‘सजेस्ट’मध्ये ‘जेस्ट’वर, ‘रिपोर्ट’मध्ये ‘पोर्ट’वर येतो, आणि असे शब्द बहुधा नकार देतात. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ हे मुळात लॅटिन असले, तरी जोर पहिल्या अक्षरावर आहे, आणि ते दोन कर्मे घेतात. अलीकडचे शब्दही हीच वाट धरतात, म्हणून ‘ईमेल मी द फाइल’ आणि ‘व्हॉट्सअ‍ॅप मी द फोटो’ बेलाशक लिहावे. खूण पूर्ण अचूक नाही : ‘मेन्शन’चा जोर पहिल्या अक्षरावर असूनही तो नकार देतो, आणि ‘से’ तर घरचा एकाक्षरी शब्द असून हट्टाने ‘टू’ मागतो. ‘टेल’ला माणूस थेट लागतो, ‘से’ला ‘टू’ मधे घ्यावा लागतो, हे जोडीने पाठ करावे : ‘ही टोल्ड मी’, ‘ही सेड टू मी’.

समजावून सांगितलेली गोष्टच लांब असेल, तर ती शेवटी जाते आणि ‘टू मी’ पुढे येते, पण ‘टू’ तरीही गळत नाही : ‘ही एक्सप्लेन्ड टू मी व्हाय द ट्रक वॉज लेट’. ईमेलमध्ये हे वाक्य फार लागते.

सहावी पायरी : गाव आणि माणूस

तामिळनाडूतल्या एरोड या गावाचे उदाहरण घेऊ. मराठीत ‘एरोडच्या व्यापाऱ्याला नमुना पाठवला’ म्हणतो आणि ‘एरोडला नमुना पाठवला’ असेही म्हणतो. ‘ला’ दोन्हीकडे तोच. इंग्रजीत व्यापाऱ्याचे वाक्य दोन्ही साच्यांत होते : ‘आय सेंट द ट्रेडर अ सँपल’, ‘आय सेंट अ सँपल टू द ट्रेडर’. गावाचे वाक्य एकाच साच्यात होते : ‘आय सेंट अ सँपल टू एरोड’. ‘आय सेंट एरोड अ सँपल’ म्हटले, तर एरोड हे गाव न राहता तिथले कार्यालय किंवा तिथली मंडळी असा अर्थ ऐकणाऱ्याला लावावा लागतो. क्रियापदाला लागून बसण्याचा मान घेणाऱ्याला आहे, पोहोचण्याच्या ठिकाणाला नाही. बँक, कंपनी, कचेरी यांना मात्र घेणारे मानले जाते, म्हणून ‘आय सेंट द बँक अ लेटर’ चालते.

काही क्रियापदांचे वागणे असेच लक्षात ठेवावे. ‘आस्क’ला प्रश्न विचारताना ‘टू’ लागत नाही : ‘आय आस्क्ड हिम अ क्वेश्चन’. ‘कॉस्ट’ला ‘टू’चा साचाच नाही : ‘इट कॉस्ट मी फिफ्टी रुपीज’. ‘प्रोव्हाइड’मध्ये माणूस आधी आला, तर वस्तूपूर्वी ‘विथ’ घालावा : ‘दे प्रोव्हायडेड अस विथ बॅग्ज’.

सातवी पायरी : कर्मणी वाक्य

२०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन देण्यात आले. या मराठी वाक्यात हळद शेवटपर्यंत ‘ला’ सोडत नाही आणि ‘आले’ हे क्रियापद मानांकनाप्रमाणे चालते. इंग्रजीत घेणारा कर्त्याच्या जागी गेला की पूर्ण कर्ता होतो : ‘सांगली टर्मरिक वॉज गिव्हन अ जीआय टॅग’. वाक्याच्या आरंभी ‘टू’ लावण्याचा मोह आवरावा, आणि क्रियापद घेणाऱ्याप्रमाणे चालवावे. ‘त्यांना एक बक्षीस दिले गेले’ याचे ‘दे वेअर गिव्हन अ प्राइज’ होते. ‘देम वॉज गिव्हन’ होत नाही. वस्तूपासून सुरुवात केली, तर ‘टू’ परत येतो : ‘अ प्राइज वॉज गिव्हन टू देम’. ‘फॉर’च्या गटात मात्र वस्तूपासूनच सुरुवात करावी : ‘अ बायसिकल वॉज बॉट फॉर हर’. आणि ‘एक्सप्लेन’ येथेही आपला स्वभाव सोडत नाही. ‘आय वॉज एक्सप्लेन्ड’ हे कार्यालयांत सर्रास ऐकू येते, पण ते ‘इट वॉज एक्सप्लेन्ड टू मी’ असे हवे.

सराव कसा करावा

पुस्तकातली वाक्ये घेऊ नयेत. ज्या कामात आपला दिवस जातो त्यातली घ्यावीत. मिरजेच्या एका रुग्णालयात काम करणारी माझी एक विद्यार्थिनी रोज रात्री दिवसभरातली पाच वाक्ये वहीत लिहीत असे. ‘पेशंटला इंजेक्शन दिले’, ‘डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला’, ‘नातेवाइकांना पथ्य समजावून सांगितले’ अशी ती वाक्ये. वहीच्या पानावर तिने तीन रकाने आखले होते : पहिल्यात मराठी वाक्य, दुसऱ्यात माणूस आधी घेणारे इंग्रजी वाक्य, तिसऱ्यात वस्तू आधी घेणारे. इंजेक्शनचे वाक्य दोन्ही रकान्यांत भरत असे : ‘आय गेव्ह द पेशंट ॲन इंजेक्शन’, ‘आय गेव्ह ॲन इंजेक्शन टू द पेशंट’. पथ्याच्या वाक्याला मधला रकाना रिकामा ठेवून तिथे ती आडवी रेघ मारी आणि तिसऱ्यात ‘आय एक्सप्लेन्ड द डाएट टू द रिलेटिव्ह्ज’ लिही. दोन महिन्यांत नकार देणारी क्रियापदे त्या रेघांमुळेच तिच्या डोळ्यांपुढे राहू लागली.

ज्यांना रोज ईमेल लिहावे लागतात, त्यांनी पाठवण्यापूर्वी एक फेरी केवळ ‘टू’साठी मारावी. देण्या-सांगण्याच्या वाक्यातला प्रत्येक ‘टू’ शोधावा आणि त्याच्या आधी वस्तू येऊन गेली आहे का ते पाहावे. आली असेल तर तो ठेवावा. नसेल तर क्रियापद ‘एक्सप्लेन’ किंवा ‘से’ यांच्या गटातले आहे का ते तपासावे, आणि तेही नसेल तर तो ‘टू’ खोडून टाकावा. मग उलट बाजूने, ‘एक्सप्लेन’ आणि त्याच्या भावंडांपाशी थांबून ‘टू’ राहून तर गेला नाही ना, हे पाहावे. मार्केट यार्डातल्या त्या तरुणाने अशी फेरी मारून मसुदा परत आणला, तेव्हा त्यात लिहिले होते : ‘आय टोल्ड हिम द रेट. ही एक्सप्लेन्ड द प्रॉब्लेम टू मी.’